३८१२

मेकॅनिककाकांनी डिकीतून स्टेपनी बाहेर काढली आणि माझा जीव भांड्यात पडला. एकदम कोरी. रबराचे बारीक केससुद्धा तसेच.

काकांनी अंगठ्याने धूळ पुसली आणि कडेचे चार आकडे दाखवले. ३८१२. म्हणजे २०१२ सालचा ३८वा आठवडा. "ताई, हा टायर गाडीबरोबरच म्हातारा झालाय. चालला नाही, एवढंच." मी नख दाबून बघितलं. रबर लाकडासारखं कडक, खाचांमध्ये केसाएवढ्या भेगा.

पुढच्या आठवड्यात आम्ही कायमचे कोलकात्याला निघालोय, नागपूर-रायपूर-संबलपूरमार्गे, १,८०० किलोमीटरच्या वर. कूलंट, बेल्ट, ब्रेक पॅड, बॅटरी, सगळं यादीत होतं. आरटीओची एनओसीही हातात आली. स्टेपनी मात्र यादीत नव्हती.

बाबा दर रविवारी चारही चाकांची हवा बघायचे, न चुकता. पाचवं चाक गालिच्याखाली अंधारात पडून राहिलं. आणि इतकी वर्षं रात्री-अपरात्री घाटातून, आईला मागच्या सीटवर झोपवून, आम्ही त्याच्याच भरवशावर फिरत होतो. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

नवा टायर टाकलाय. पण आज जरा डिकी उघडून बघाल का? तुमच्या स्टेपनीवर कुठले चार आकडे आहेत?