मिन्शुकूत उतरताना

जपानमध्ये स्वस्तात पारंपरिक मुक्काम हवा असेल तर र्‍योकान या पारंपरिक हॉटेलाऐवजी मिन्शुकू, म्हणजे घरगुती मुक्कामाच्या जागा, पाहा. घरचीच माणसं ती चालवतात. भाडं बहुतेकदा खोलीचं नसतं, माणशी असतं. दोघांचा हिशोब इथेच चुकतो.

‘सुदोमारी’ म्हणजे जेवणाविना नुसता मुक्काम. शाकाहाऱ्यांनी हाच घ्यावा. मिसो सूप असो की उकडलेली भाजी, त्यात ‘दाशी’ हा अर्क असतो, आणि तो बहुधा सुकवलेल्या कात्सुओ माशाचा. ताटात मासा दिसत नाही, म्हणूनच फसगत होते. जळगाव-धुळ्याहून नेलेली शेंगदाण्याची चटणी इथे उपयोगी पडते, पण लसणाचा डबा खोलीत उघडू नका. तातामीत, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईत, वास बसतो.

बूट दारातच काढायचे. सपाता फक्त लाकडी जमिनीवर, तातामीवर नाहीत. चाकांची बॅग उचलून न्यायची, ओढली की चटई उसवते. संडासाच्या सपाता वेगळ्या, आणि त्याच घालून बाहेर येणं ही हमखास चूक.

न्हाणीघर सामायिक. आधी टबाबाहेर स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ व्हा, मगच टबात उतरा. पाणी सगळ्यांसाठी तेच, म्हणून बूच काढायचं नाही. ते ४० ते ४२ अंशांचं असतं. आपल्याकडचा मे सोसणाऱ्यालाही पहिल्यांदा पाच मिनिटं पुरतात!

फुतोन, म्हणजे जपानी गादी, कपाटातून काढून बहुधा आपणच अंथरायचा. युकाताची, म्हणजे तिथल्या सुती झग्याची, डावी बाजू वर घ्या. उजवी वर फक्त मृतांना. जेवण सांगितलं असेल तर संध्याकाळी सहाच्या आत पोचा, आणि रोख येन जवळ ठेवा.