चाव्या माझ्याच खिशात होत्या

ठाण्याहून रबाळे म्हणजे ट्रान्स-हार्बरवर तिसरं स्टेशन. दिघा गाव, ऐरोली, की उतरायचं. तेवढ्यातही माझा फोन सात-आठ वेळा वाजायचा. एमआयडीसीतल्या पॅकेजिंगच्या युनिटमध्ये मी स्टोअर आणि डिस्पॅच बघतो. "सर, टेप संपली." "सर, टेम्पोवाला जास्त मागतोय." "सर, लोडिंगला माणूस कमी आहे." मी दाराशी लटकूनच उत्तरं द्यायचो. खरं सांगतो, बरं वाटायचं. माझ्यावाचून पान हलत नाही, असं.

गेल्या वर्षी हर्नियाचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलच्या खाटेवर टेपच्या रंगाविषयी फोन आला, तेव्हा मात्र डोकं फिरलं.

परत आल्यावर ठरवलं, उत्तर द्यायचं नाही, उलट विचारायचं, "तुला काय वाटतं?" पहिला आठवडा वाईट गेला. पोरांना वाटलं, सर चिडलेत. स्टोअरचे काका वयाने माझ्याहून मोठे, ते तर सरळ म्हणाले, "साहेब, आम्हीच ठरवायचं तर तुम्ही कशाला?" मी हसण्यावारी नेलं. वर म्हणालो, "काका, टेप संपत आली हे तुम्हाला आधी दिसतं, मग मागवत का नाही?" काकांनी ड्रॉवरमधून इंडेंटचं, म्हणजे माल मागवायच्या मागणीपत्रांचं, पुस्तक काढलं आणि पान माझ्यापुढे धरलं. टेपचं इंडेंट चार दिवसांपूर्वीचं. सहीची जागा कोरी. सही माझी हवी होती.

त्या दिवशी दुपारचा डबा घशाखाली उतरला नाही. जबाबदारी घ्या, घ्या म्हणत होतो आणि चाव्या माझ्याच खिशात.

मालकांकडे गेलो. बरीच घासाघीस झाली. शेवटी दोन हजारांपर्यंतची खरेदी काकांच्या सहीने आणि ठरलेल्या मर्यादेत गाडीभाडं डिस्पॅचच्या पोराच्या हातात, असं ठरलं. मालक म्हणाले, "चुकले तर?" मी म्हटलं, "मी काय कमी चुकलो?"

कसोटी वापीच्या मालाला लागली. माल गुजरातेत जाणार, पन्नास हजारांच्या वरचा, म्हणजे ई-वे बिल, मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन वाहतूक कागद, आलंच. दोनशे किलोमीटरच्या आतलं अंतर, म्हणून मुदत एका दिवसाची. मंगळवारी रात्री निघालेला टेम्पो मनोरजवळ क्लच प्लेट जाऊन बसला, आणि बुधवारी संध्याकाळपर्यंत हलायचं नाव नाही. बिल मध्यरात्री संपणार. मला हे कळलं गुरुवारी सकाळी, रबाळ्याला उतरल्यावर. पोराने तिथलाच दुसरा टेम्पो ठरवला होता, बिलाच्या पार्ट-बी मध्ये नवा गाडी नंबर टाकला होता आणि मुदतही वाढवून घेतली होती. मुदत संपायच्या आधीचे आठ तास किंवा नंतरचे आठ तास, एवढ्यातच ती वाढवता येते, हे त्याला पाठ होतं. मला तो आकडा पोर्टल उघडून बघावा लागतो.

भाडं मात्र साडेसहा हजार दिलं होतं. मी असतो तर साडेपाचात पटवला असता. शब्द ओठांपर्यंत आला होता. काका माझ्याकडेच बघत होते. मी चहा मागवला.

पोरगा म्हणाला, "सर, पाचशे जास्त गेले बहुतेक."

म्हटलं, "हजार."