काडीवरचा गुलाब

फुलवाल्याकडचे डच गुलाब दिसायला राजबिंडे, पण नाकाशी धरले की नुसता कागद. तरी गुलाब हातात आला की आपण तो आधी नाकाशीच नेतो. ही खोड आपल्याला गावठी गुलाबानं लावली.

आईच्या मागीलदारी तो होता. फिकट गुलाबी, पसरट, दुपार व्हायच्या आत झडणारा. पाकळ्या आणि खडीसाखर यांचे थर लावून बरणी उन्हात ठेवली जायची. गल्लीत कुणी मागितलं की आई पेन्सिलीएवढी काडी छाटून द्यायची. खाली तिरका काप, वरच्या टोकाला शेणाचा गोळा. पुढं कधीतरी डोक्यात प्रकाश पडला, की गल्लीतले सगळे गुलाब आमच्या गुलाबाची पोरं नव्हतीच. ते आमचंच झाड होतं, दहा दारांत उभं.

बल्गेरियात कझानलकच्या खोऱ्यात हाच प्रकार, फक्त मैलोगणती. तिथला दमास्क गुलाब तेलासाठी लावतात. किलोभर तेलाला ३-४ टन फुलं लागतात, तीही पहाटे खुडलेली. पिढ्यानपिढ्या लागवड मुळ्या-काड्यांवर. डीएनए तपासला तर तेलाचे गुलाब जवळजवळ सगळे एकच निघाले, आणि तुर्कस्तानातल्या इस्पार्ताचेही तेच! इराणात मात्र निरनिराळे सापडले. म्हणजे अख्ख्या खोऱ्याचा घमघमाट एकाच झाडाच्या भरवशावर. उद्या त्याला न सोसणारा रोग आला तर? मला तर धडकीच भरते.

डच मंडळींचं दुखणं वेगळं. लांब दांडा, टिकाऊ पाकळी हवी म्हणून निवड करता करता वासाकडे कुणी पाहिलंच नाही. २०१५ मध्ये फ्रेंच संशोधकांनी घमघमणारा ‘पापा मेयाँ’ आणि बिनवासाचा ‘रूज मेयाँ’ शेजारी ठेवून पाहिले. पहिल्यात एक जनुक जोरात कामाला लागलेलं, दुसऱ्यात जवळजवळ गप्प. (आडनाव एक, गुण वेगळे, घरोघरी मातीच्या चुली.)

आमचं घर पाडून तिथं इमारत झाली, त्यात आईचं झाड गेलं. परवा समोरच्या काकूंकडे भीतभीतच काडी मागितली.

“मागतेस काय? तुमचंच तर आहे,” म्हणाल्या आणि कात्री आणायला आत गेल्या.

आता बाल्कनीतल्या कुंडीत तिला दोन तांबूस पानं फुटलीयत. शेण काही मिळालं नाही, टोकाला मेण लावलंय.