ईद उद्या, सुट्टी परवा

२०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आल्या. आदल्या दिवशी आमच्या मुंबईतील बँकेच्या शाखेत शटरवर चिकटवलेल्या सूचनेतला '२८' हा आकडा शिपायाने बॉलपेनने खोडून वर '२९' लिहिला. ते वाचून एक जुने मुस्लीम खातेदार मला म्हणाले, "साहेब, ईद उद्याच आहे, सुट्टी तेवढी परवा." त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. विसर्जनाची गर्दी आणि ईदचा जुलूस एकाच रस्त्यावर येऊ नयेत म्हणून तो काढणाऱ्या खिलाफत समितीने जुलूस २९ तारखेला काढण्याचे आधीच ठरवले होते आणि शासनाने सुट्टी त्यानंतर हलवली. मुंबई शहर आणि उपनगरांत ती २०२४ मध्ये १६ वरून १८ सप्टेंबरला गेली, तर २०२५ मध्ये ५ वरून ८ सप्टेंबरला.

आम्ही बँकवाले जिला 'एनआय ॲक्टची सुट्टी' म्हणतो, तिचा कायद्यातला उगम अगदी रुक्ष आहे. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे चेक-हुंड्यांच्या 'निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट'च्या, कलम २५ ला सणांशी काही देणेघेणे नाही. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरत असेल तर ती आधीच्या कामकाजाच्या दिवशी भरली असे धरावे, एवढेच ते सांगते. मात्र 'सार्वजनिक सुट्टी' कोणती हे ठरवण्याचा अधिकार त्याच कलमातून सरकारकडे येतो, आणि हुंडीसाठी केलेल्या या तरतुदीवर आज कोणाच्या श्रद्धेला किती मान द्यायचा याचे वाद लढवले जातात.

२२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेनिमित्त राज्य शासनाने सुट्टी जाहीर केली, तेव्हा कायद्याच्या चार विद्यार्थ्यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. आदल्या दिवशी, रविवार असूनही, विशेष सुनावणी झाली आणि सुट्टी हा शासनाच्या धोरणाचा विषय असल्याचे सांगत याचिका फेटाळण्यात आली. सार्वजनिक सुट्टी हा कोणाचा कायदेशीर हक्क नव्हे, असे याच न्यायालयाने २०२२ मध्ये दादरा आणि नगर हवेलीच्या २ ऑगस्टच्या, मुक्तिदिनाच्या, सुट्टीबाबत म्हटले होते. कायद्याच्या अंगाने मला हे पटते. परंतु धर्मनिरपेक्ष शासनाने एखाद्या मंदिराच्या सोहळ्यासाठी कचेऱ्या बंद ठेवाव्यात का, या प्रश्नाचे उत्तर 'तसा अधिकार आहे' एवढ्याने मिळत नाही. ईदच्या सुट्टीची तारीख हलली तेव्हा ज्यांचा सण होता त्यांचा शब्द आधी घेतला गेला होता, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आपण ज्याला निधर्मी मानतो तो रविवारही असा मागूनच मिळालेला आहे. गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून तो १८९० मध्ये मिळवला, आणि तो खंडोबाचा वार आहे, हा युक्तिवादही त्या मागणीमागे असल्याचे सांगितले जाते.

२०२५ मध्ये मात्र एक मौज झाली. मुंबईतील शासकीय कचेऱ्यांना दहीहंडी आणि अनंत चतुर्दशी यांच्या स्थानिक सुट्ट्या होत्या, पण हे दोन्ही दिवस शनिवारी आले, आणि पाच दिवसांच्या आठवड्यात शनिवार तसाही सुट्टीचाच. मग त्या दोन सुट्ट्या रद्द करून नारळी पौर्णिमा आणि ज्येष्ठागौरी विसर्जन यांच्या दिल्या गेल्या, आणि त्यावर निदान माझ्या कानावर तरी कोणाची कुरकुर आली नाही.