१४ मिलिमीटरचे अंतर

कैरीच्या लोणच्याच्या दिवसांत काचेची जुनी बरणी घासताना ती हातातच फुटली आणि उजव्या तर्जनीच्या मुळाशी, अंगठ्याच्या बाजूला, जेमतेम दीड सेंटिमीटरची जखम झाली. जवळच्या दवाखान्यात चार टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन मिळाले आणि ‘नस शाबूत आहे, काळजी करू नका’ असे सांगून मला घरी पाठवण्यात आले. रक्त थांबले होते, बोट वाकत होते, त्यामुळे माझाही विश्वास बसला. टाके निघाल्यानंतर मात्र वर्गात फळ्यावर लिहिताना चिमटीतला खडू पाहिल्याशिवाय जाणवेना, आणि एका सकाळी पोळ्या भाजून झाल्यावर त्या बोटाला टरारून आलेला फोड दिसला, तेव्हा चटका कधी बसला हे मला आठवेना.

आपण मराठीत रक्तवाहिनीला नस म्हणतो, बोट वाकवणाऱ्या कंडरेला नस म्हणतो आणि स्पर्श मेंदूपर्यंत नेणाऱ्या मज्जातंतूलाही नसच म्हणतो. यांपैकी पहिल्या दोन शाबूत आहेत की नाहीत हे चटकन दिसते; तिसरी तुटली असेल तर विचारल्याशिवाय कळत नाही. भूल देण्यापूर्वी रुग्णाला डोळे मिटायला सांगून बोटाच्या दोन्ही कडांना कापसाने स्पर्श करायचा आणि कळले का, असे विचारायचे, एवढीच ती तपासणी आहे आणि तिला अर्धा मिनिटही लागत नाही. काचेने, मांजाने किंवा कडबाकुट्टीच्या यंत्राने हात कापलेल्या प्रत्येकाने ही तपासणी मागून घ्यावी, असे मी आता भेटेल त्याला सांगते.

मी हाताच्या शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञांकडे पोहोचले तेव्हा पाच आठवडे उलटून गेले होते. ताज्या जखमेत मज्जातंतूची दोन टोके बहुधा थेट जोडता येतात. पण दिवस गेले की टोके मागे सरकतात, वरच्या टोकाशी वाट चुकलेल्या तंतूंची गाठ बनते आणि ती छाटून निरोगी भागापर्यंत यावे लागते. माझ्या बोटात असे छाटल्यानंतर १४ मिलिमीटरचे अंतर उरले. ते ताणून जोडले असते, तर ताणामुळे मज्जातंतूचा रक्तपुरवठाच आवळला गेला असता.

बारावीच्या वर्गाला मी चेतापेशी अनेक वर्षे शिकवत आले आहे, पण हा भाग मी पूर्वी फारच घाईने उरकत असे. १८५० मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी इंग्लंडमध्ये बेडकाच्या जिभेकडे जाणारे मज्जातंतू कापून दाखवले होते, की पेशीच्या मुख्य भागापासून तुटलेला अक्षतंतूचा, म्हणजे चेतापेशीच्या लांब धाग्याचा, पलीकडचा तुकडा विघटित होतो. माझ्या तर्जनीच्या स्पर्शपेशींचे मुख्य भाग मानेच्या मणक्यांशेजारी आहेत आणि ते जिवंतच होते. त्यांचे लांबलचक हात तेवढे तळव्याशी तुटले होते. तुटलेल्या तुकड्यातला कचरा भक्षकपेशी उचलून नेतात आणि रिकाम्या झालेल्या मार्गात अक्षतंतूंना वेढून असणाऱ्या श्वॉन पेशी रांगेने उभ्या राहून वरून येणाऱ्या नव्या अंकुरांना वाट दाखवतात. हे अंकुर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात. प्रश्न असतो तो मधल्या मोकळ्या जागेचा, कारण तिथे ना रांग असते ना वाट, आणि आजूबाजूच्या जखमेतून भरून येणारी व्रणाची ऊती ती जागा लवकरच व्यापून टाकते.

अशा वेळी रुग्णाच्याच पोटरीमागचा एक संवेदी मज्जातंतू काढून मध्ये शिवणे ही जुनी आणि आजही, विशेषतः लांब अंतरासाठी, सर्वांत भरवशाची पद्धत आहे. मात्र त्यासाठी पायावर दुसरी जखम होते आणि पावलाची बाहेरची कड बधिर होते. बोटातल्या दीडएक सेंटिमीटरसाठी एवढी किंमत मोजण्याऐवजी कोलॅजन या प्रथिनाची पोकळ नळी बसवावी, असे डॉक्टरांनी सुचवले. शस्त्रक्रियेपूर्वी त्यांनी ती मला दाखवली. कोरडी असताना ती पांढरट आणि कागदाच्या बारीक सुरळीसारखी दिसत होती. सलाइनमध्ये भिजवल्यावर ती मऊ आणि थोडी पारभासी होते, असे त्यांनी सांगितले. मज्जातंतूची दोन्ही टोके तिच्यात थोडीशी आत ओढून केसाहून बारीक धाग्याने टाचली जातात आणि मधली पोकळी सलाइनने भरली जाते.

ही नळी मज्जातंतू दुरुस्त करत नाही, हे मला तेव्हा प्रथमच नीट उमगले. ती जागा राखते. दोन्ही टोकांतून पाझरणारा द्रव आत साठतो, काही दिवसांत त्यातून फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची, दोरी तयार होते, त्या दोरीवरून दोन्ही बाजूंच्या श्वॉन पेशी मध्याकडे सरकतात आणि त्यांच्या मागोमाग अक्षतंतू येतात. स्वीडनचे गोरान लुंडबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये उंदरांच्या मांडीतील मज्जातंतूवर सिलिकॉनची नळी वापरून हे अभ्यासले. १० मिलिमीटरचे अंतर भरून निघत होते, १५ मिलिमीटरचे नाही. आणि नळीच्या पलीकडच्या तोंडाशी मज्जातंतूचे दुसरे टोक ठेवलेच नाही, तर वाढ होत नव्हती. म्हणजे पलीकडचे टोकही अलीकडच्याला बोलावत असते. हा प्रयोग मी आता दरवर्षी वर्गात सांगते.

सिलिकॉनची अडचण अशी की ते शरीरात तसेच राहते आणि पुढे त्याच मज्जातंतूला काचू शकते. मग ते काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून काम झाल्यावर विरघळणाऱ्या पदार्थांकडे संशोधन वळले. पॉलिग्लायकोलिक आम्लाच्या नळ्या आल्या, कोलॅजनच्या आल्या, आणि कोळंबी व खेकड्यांच्या कवचांतून मिळणाऱ्या कायटोसानच्या नळ्या जर्मनीत तयार होऊन युरोपात वापरल्या जाऊ लागल्या. कोकण किनाऱ्यावर सोललेल्या कोळंबीच्या टरफलांचे ढीग लहानपणापासून पाहिलेल्या मला त्या पदार्थाचे हे रूप वाचून फार आनंद झाला.

कोलॅजनबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. अशा नळ्यांसाठी वापरले जाणारे कोलॅजन बहुतेकदा गोवंशीय प्राण्यांच्या कंडरेतून शुद्ध करून घेतलेले असते. माझ्या डॉक्टरांनी हे आपणहून, मराठीत सांगितले आणि विचार करायला दोन दिवस दिले. मी होकार दिला. दुसऱ्या कोणी नकार दिला असता तर तोही तितकाच आदराने स्वीकारला जायला हवा. परंतु संमतिपत्र सहा पानांचे आणि संपूर्ण इंग्रजीत होते, आणि माझ्या शेजारच्या खाटेवरील ऊसतोडणी कामगाराने ते न वाचताच अंगठा उठवला, याची खंत अजून जात नाही.

पोकळ नळीची मर्यादा साधारण तीन सेंटिमीटर मानली जाते, आणि जाड किंवा स्नायूंकडे जाणाऱ्या मज्जातंतूंमध्ये त्याहून कमी अंतरावरही तिच्यावर विसंबणे कठीण असते. स्नायूंचा प्रश्न वेळेचाही असतो: वर्ष-दीड वर्षात तंतू पोहोचले नाहीत तर स्नायू त्यांना प्रतिसाद देण्याची क्षमता गमावू लागतो. त्यामुळे नळीच्या आत उभे धागे घालणे, वाढीला चालना देणारी प्रथिने हळूहळू झिरपवणे, श्वॉन पेशी पेरणे असे प्रयत्न प्रयोगशाळांत सुरू आहेत. मेरुरज्जूची गोष्ट याहून पुष्कळ अवघड आहे, कारण तिथे श्वॉन पेशी नसतात आणि भोवतालची ऊतीच वाढीला रोखते. म्हणून बोटाच्या यशावरून पाठीच्या कण्याच्या दुखापतीबद्दल कोणी आश्वासने देऊ लागले, तर सावध राहावे.

शस्त्रक्रियेनंतर पहिला दीड महिना बोटात काहीच घडले नाही. मग डॉक्टरांनी नखाच्या टोकाने बोटाच्या कडेवर हलकेच टिचक्या मारायला शिकवले. जिथे टिचकी मारताच मुंग्यांची कळ शेंड्याकडे धावते, तिथपर्यंत तंतू पोहोचलेले असतात. फ्रान्सचे ज्यूल तिनेल यांनी १९१५ मध्ये हे चिन्ह वर्णिले. दर रविवारी मी त्या जागी बॉलपेनने ठिपका काढून फोटो घेत असे. ठिपका कधी पाच, कधी आठ मिलिमीटरने पुढे सरकलेला असे, आणि दोन आठवडे तो जागचा हलला नाही तेव्हा मी रात्री नीट झोपले नव्हते. पाचव्या महिन्यात तो शेंड्याशी पोहोचला.

पण पोहोचलेला प्रत्येक तंतू आपल्या मूळ जागी जात नाही, त्यामुळे मेंदूला बोटाचा नकाशा पुन्हा शिकवावा लागतो. डोळे मिटून ताटलीतून तूरडाळ, साबुदाणा आणि मेथीदाणे वेगळे करणे हा माझा रोजचा वीस मिनिटांचा अभ्यास होता. आज सव्वा वर्षानंतर डाळ आणि साबुदाणा मला न पाहता ओळखता येतात, खडू हातातून सुटत नाही, थंडीत बोट ठणकते. दोन टोकांचा स्पर्श वेगवेगळा कळण्यासाठी त्यांच्यात आठ मिलिमीटर अंतर लागते. डाव्या तर्जनीला चार पुरतात. पर्समधील एक आणि दोन रुपयांची नाणी अजून बोटाने सांगता येत नाहीत, आणि मेथीदाण्यांत मी अजूनही चुकते.