भूत परवडलं, फॉर्म नको

अमेरिकेतल्या जुन्या प्लँटेशनवर, म्हणजे एकेकाळी गुलाम राबवलेल्या मळ्यावरच्या वाड्यात, रात्रभराच्या ‘घोस्ट हंट’ला, म्हणजे भुतं शोधायला, जाणार असाल, तर फाटकावर पोचल्या पोचल्या एकच विचारा: कागदाचा फॉर्म आहे का? मला हे सुचायला दीड तास लागला.

आई ह्यूस्टनला आमच्याकडे आली होती. कोकणातली आहे, तिला भुतांची भीती नाही, हौस आहे. लुइझियानात बॅटन रूजच्या उत्तरेला सेंट फ्रान्सिसव्हिल आहे. १७९६ साली बांधलेला, भुतांसाठी गाजलेला मर्टल्सचा वाडा तिथलाच. आम्ही मात्र त्याच भागातल्या दुसऱ्या एका वाड्यावर गेलो. नाव लिहीत नाही.

बुकिंग, प्रवास, सगळं छान. अडलं ते वेव्हरवर. म्हणजे ‘पडलो-झडलो तर जबाबदारी आमची’ असं लिहून द्यायचा फॉर्म. तो मी घरूनच ऑनलाइन भरला होता. पण आईच्या पासपोर्टवर तिचं नाव आणि बाबांचं नाव एकाच रकान्यात आहे, आणि फॉर्म पहिल्या नावात मोकळी जागा घेत नव्हता. म्हणून बाबांना मधल्या नावात टाकलं. फाटकावरची मुलगी टॅबलेट बघून म्हणाली, नाव जुळत नाही, नवीन भरा. भरला. मग म्हणे ईमेलवर कोड येईल, तो इथे टाका. तिथे ओकची अवाढव्य झाडं, फांद्यांवरून लोंबणारं करडं शेवाळ, आणि नेटवर्कची एक काडी नाही. आमची गाडी दुसऱ्या गाड्यांमागे अडकलेली. रस्त्यापर्यंत चालत आठ मिनिटं, परत आठ मिनिटं, कोडचं आयुष्य दहा मिनिटं! दोनदा गेले, दोनदा कोड मेला. तिसऱ्यांदा तर तो आलाच नाही. घामाने निथळत परतले तर बाकीचा गट आत गेलेला, आणि आई खुर्ची टाकून त्या मुलीला तिच्या लग्नाचं विचारत होती. पैसे परत मिळणार नव्हते, नाहीतर मी तिथूनच फिरले असते. शेवटी वैतागून म्हटलं, कागद नाही का तुमच्याकडे? तिने खालचा खण उघडला. गठ्ठाच होता! आईने मराठीत सही ठोकली. मुलीने ती उलटसुलट करून पाहिली आणि आत सोडलं.

हां, फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर त्यांचा ईएमएफ मीटर, म्हणजे विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजून भूत हुडकायचं यंत्र, त्यालाच भूत समजतो. जुन्या वायरिंगजवळही त्याचे पाचही दिवे लागतात, तेव्हा लगेच किंचाळू नका. आणि भुतांचे आवाज टिपायचा रेकॉर्डर चालू असताना खोकला आला तर मोठ्याने ‘मी खोकले’ म्हणायचं. आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं, सूचना आम्ही फाटकावर असतानाच होऊन गेल्या होत्या. रात्री एकला रेकॉर्डिंगमध्ये बारीक किणकिण ऐकू आली, सगळे गारठले. आईच्या बांगड्या होत्या.

गाइडने मर्टल्सच्या क्लोईची गोष्ट रंगवून सांगितली: गुलाम मुलगी, विषारी केक, मेलेल्या मुली. अशी कुणी क्लोई तिथल्या नोंदींत सापडलेली नाही, आणि त्या घरातले ते मृत्यू पीतज्वराचे होते, हे त्याने सांगितलं नाही. आमच्या वाड्यामागच्या गुलामांच्या खोपटात भिंतीवर एका जुन्या यादीची प्रत होती. आईने लाल टॉर्च धरून वाचली: नाव, वय, किंमत.

“अगं, आडनावं कुठायत?”

“लिहिलीच नाहीत, आई.”

ती बराच वेळ तिथेच उभी होती. गट पुढे गेला, आम्ही गेलो नाही.

पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, डास भुतांपेक्षा खात्रीचे. पण सळसळणारं जॅकेट नको. खायचं घरून न्या.

पहाटे मोठ्या रस्त्याला लागल्यावर फोन पूर्ववत केला. टिंग वाजलं. तिसरा कोड आला होता.