टेस्ट डेटा आता स्क्रिप्टमधून : कामाची प्रगती

कॉम्प्रेस केलेले लॉग वाचणारं माझं छोटं पायथन पॅकेज, त्याच्या टेस्ट फोल्डरमधल्या जीझिप (कॉम्प्रेस केलेल्या) फाइल्स काढून टाकायचं काम बरंचसं उरकलंय. कारण सरळ आहे, मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये जे बॅकडोर (चोरून आत शिरायची वाट) सापडलं त्याचा कोड टेस्टच्या बायनरी फाइल्समध्येच लपवलेला होता. टेस्टसाठी मुद्दाम बिघडवलेली फाइल म्हटल्यावर आत काय आहे ते कोण बघतंय? तेव्हापासून मला वाटतं की जी फाइल वाचून कळत नाही ती कशी बनली हे तरी रेपोत (गिटमधल्या कोडच्या साठ्यात) दिसलंच पाहिजे.

म्हणून आता टेस्ट सुरू होताना स्क्रिप्टच फाइल्स बनवते आणि पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या टूलच्या टेम्प फोल्डरमध्ये टाकते. आधी चांगली फाइल, मग तिचीच बिघडलेली भावंडं: जीझिपच्या शेवटच्या ८ बाइट्समध्ये सीआरसी (डेटा बिघडलाय का ते तपासायचा आकडा) आणि मूळ साइज असते, ते ८ कापले की अर्धवट डाउनलोडची केस तयार, सीआरसीचा एक बाइट बदलला की करप्ट फाइलची. काय बिघडवलंय ते कोडमध्येच दिसतं, हे मला फार आवडलं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो हॅशने, म्हणजे फाइलमधल्या डेटावरून काढलेल्या ओळखीच्या ठशाने. जीझिप हेडरमध्ये टाइमस्टॅम्प टाकतं त्यामुळे तोच डेटा पुन्हा बनवला की हॅश वेगळा, त्यावर एमटाइम (तोच टाइमस्टॅम्प) शून्य दिला की झालं असं वाटतं, पण झेडलिब या कॉम्प्रेशन लायब्ररीची आवृत्ती बदलली तरी कॉम्प्रेस झालेले बाइट्स बदलू शकतात, म्हणून हॅश आता उघडलेल्या डेटाचा तपासतो, कॉम्प्रेस केलेल्याचा नाही. रँडम डेटाला सीड (सुरुवातीचा आकडा) ठरवून दिलंय, म्हणजे दर वेळी तोच डेटा निघतो.

बनवता न येणारे थोडे खरे मोठे नमुने उरले. ते गिटमध्ये नकोच, एकदा कमिट झालं की नंतर डिलीट केलं तरी इतिहासात राहतं आणि प्रत्येक क्लोन करणाऱ्याला ओढावं लागतं. ते वेगळे ठेवलेत, पूच ही पायथन लायब्ररी ते डाउनलोड करते आणि एसएचए-२५६ हॅश जुळवते. डेबियन या लिनक्समध्ये पॅकेज बिल्ड करताना नेटवर्क वापरायची परवानगी नाही, त्यामुळे या टेस्ट्सना वेगळा मार्कर लावलाय, नेट नसेल तर त्या स्किप होतात, बाकी सगळ्या चालतात.

आता उरलंय लायसन्सचं. ज्यांनी नमुने दिले त्यांना परवानगी विचारतोय, ज्यांचं उत्तर येणार नाही त्यांच्या फाइलमधला बग स्क्रिप्टने पुन्हा उभा करायचा आणि मूळ फाइल काढायची.